इंग्रजी पबातील मुदपाकखाना

इंग्लंडातील पब या संस्थेविषयी आपल्याकडे जी कल्पना रूढ आहे ती बहुधा मोठ्या शहरांतील रोषणाईच्या मद्यगृहांवरून बेतलेली असल्यामुळे तिच्यात त्या संस्थेचे मर्म सापडत नाही. लंडनच्या एखाद्या वस्तीच्या रस्त्यावर, शेजारच्या घरांना भिंत लावून कोपऱ्यावर उभ्या असलेल्या त्या वास्तूत संध्याकाळी शिरणारा मनुष्य घराबाहेर, परंतु घरासारख्याच उबेत, चार परिचितांशी बोलावे म्हणून आलेला असतो. तो स्वतः काउंटरपाशी जाऊन पेला मागतो, पैसे तेथल्या तेथे चुकते करतो, आणि मग तो एकच पेला पुढे ठेवून दीड-दोन तास वर्तमानपत्र वाचीत बसला तरी त्याला कोणी उठवीत नाही. मंडळी जमली म्हणजे प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी पेले आणावयाचे हा रिवाज तर इतका दृढ आहे की आपली पाळी चुकविणाऱ्याची गणना कृपणांत होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मजुरांची खोली आणि प्रतिष्ठितांची खोली नक्षीदार काचांच्या पडद्यांनी विभागलेली असे हे खरे. परंतु विसाव्या शतकात ते पडदे बहुतेक ठिकाणी निघाले, आणि गवंडी, कारकून, वकील व अध्यापक एकाच फळीसमोर आपल्या पाळीची वाट पाहत उभे राहू लागले.

या घरात अन्नाला मात्र दीर्घकाळ दुय्यम स्थान होते. जॉर्ज ऑर्वेल याने ९ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या पत्रात ‘द मून अंडर वॉटर’ नावाच्या एका आदर्श पबाचे वर्णन केले आणि असा पब प्रत्यक्षात कोठेही नाही हेही लेखाच्या ओघात सांगून टाकले. परंतु त्या काल्पनिक आदर्शातसुद्धा रात्रीचे जेवण मिळत नव्हते, दुपारी माडीवर एक साधे भरपेट जेवण आणि खाली फराळाच्या फळीवर सँडविच, शिनाणे, चीज व लोणची एवढ्यावरच त्या चोखंदळ लेखकाचे समाधान झाले होते. पुढे साठीच्या दशकात पाव, चीज व कांद्याचे लोणचे यांचे जे ताट ‘नांगऱ्याचे जेवण’ या नावाने पबोपबी पोहोचले, त्याचा प्रसारही दूध विक्री मंडळाने चीजचा खप वाढावा म्हणून मोठ्या हिरिरीने केलेला होता. याखेरीज बटाट्याचे काप, मसालेदार सिरक्यात मुरविलेली अंडी आणि दुसरीकडून आणून गरम करून दिलेला, पिठाच्या आवरणात मांस भरलेला ‘पाय’ नावाचा पदार्थ, इतकाच काय तो बहुतेक ठिकाणचा पाकविस्तार असे.

या उपेक्षेचे मूळ इंग्रजांच्या जिभेत शोधण्याची प्रथा आहे. मला ते कायद्यात आणि मालकीच्या व्यवस्थेत अधिक स्पष्ट दिसते. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार शुद्धीवर राहावेत या हेतूने सरकारने पबांच्या वेळांवर निर्बंध घातले आणि दुपारी काही तास दरवाजे बंद ठेवण्याची सक्ती केली. युद्ध संपले, साम्राज्यही लयास गेले, परंतु ती सक्ती इंग्लंडात १९८८ च्या कायद्यापर्यंत अंमलात राहिली. ज्या घराला भर दुपारी गिऱ्हाईक बाहेर काढून कडी लावावी लागते, त्याने निवांत भोजनाची व्यवस्था कशाच्या बळावर करावी? दुसरी अडचण याहून खोल होती. बहुसंख्य पब बड्या ब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनविणाऱ्या कारखान्यांच्या, मालकीचे असत आणि पब चालविणारा हा त्यांचे कूळ असे. भाडेपट्ट्याच्या करारातच अशी अट घातलेली असे की त्याने बिअर घ्यावयाची ती मालकाकडूनच, मालक सांगेल त्या दराने. सहा बड्या ब्रुअरींचा हा इजारा इतका विस्तारला होता की पब म्हणजे त्यांच्या मालाचा नळ, आणि नळावर स्वयंपाकघर कशाला हवे, अशी एकंदर वृत्ती होऊन बसली.

१९८९ साली मक्तेदारी व विलीनीकरण आयोगाच्या अहवालावरून सरकारने एक हुकूम काढला, आणि इंग्रजी पबाच्या अर्वाचीन इतिहासात त्याच्याइतके दूरगामी कलम दुसरे क्वचितच सापडेल. ज्या ब्रुअरीपाशी दोन हजारांहून अधिक पब असतील तिने दोन हजारांवरील पबांपैकी निम्मे नोव्हेंबर १९९२ च्या आत बंधनातून मोकळे करावेत, आणि या बड्या ब्रुअरींच्या बांधील पबांनाही दुसऱ्या कोणाची निदान एक पिंपातली बिअर ठेवण्याची मुभा असावी, अशी त्याची तजवीज होती. हुकमाचा सर्वच परिणाम इष्ट झाला असे म्हणता येत नाही, कारण विक्रीस निघालेले पब घाऊकीने विकत घेणाऱ्या नव्या कंपन्या उदयास आल्या आणि कुळांचा जाच केवळ एका सावकाराकडून दुसऱ्याकडे गेला; परंतु त्या उलथापालथीच्या चारदोन वर्षांत जुन्या, मोडकळीस आलेल्या पबांचे पट्टे हाती भांडवल नसलेल्या तरुणांनाही परवडू लागले, आणि गॅस्ट्रोपब म्हणून जो प्रकार आज जगभर ओळखला जातो तो याच फटीतून उगवला.

१९९१ साली मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर या दोघांनी लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरील ‘द ईगल’ नावाचा पब चालवावयास घेतला. उपाहारगृह काढावे अशी त्यांची मनीषा होती, परंतु त्याला लागणारा पैसा नव्हता. म्हणून पबाचा परवाना, पबाची वास्तू आणि पबाचे रीतिरिवाज जसेच्या तसे ठेवून त्यांनी त्यात उत्तम स्वयंपाक आणून बसविला. आत स्वतंत्र पाकगृहाला जागा नव्हती, तेव्हा काउंटरचीच एक बाजू अडवून तेथे सर्वांच्या समक्ष जाळीची भट्टी मांडली. टेबल-खुर्च्या व बशा जुन्या बाजारातून आणल्यामुळे एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. टेबलावर चादर नाही, वाढपी नाही, आगाऊ जागा राखून ठेवण्याची सोय नाही. आणि त्या दिवशी काय शिजले आहे ते खडूने काळ्या पाटीवर लिहिलेले असे, जो पदार्थ संपेल तो पुसला जाई. ‘गार्डियन’ पत्राची कचेरी त्या काळी त्याच रस्त्यावर असल्यामुळे पत्रकारांची वर्दळ तेथे आपोआप होऊ लागली, आणि ज्या गोष्टीला पत्रकार भुलतात तिची वार्ता गुप्त राहत नाही.

आयर यांचे बालपण मोझांबिकमध्ये गेले होते, आणि ईगलच्या पाटीवर प्रथमपासून पोर्तुगाल, स्पेन व इटली येथील शेतकरी-कोळ्यांच्या स्वयंपाकाची छाया होती. त्यांच्या एका पदार्थाने तर त्या घराची खूण म्हणूनच कीर्ती मिळविली: लसूण, कांदा, मिरची व लाल द्राक्षासव यांत मुरविलेले गोमांसाचे पातळ काप सणसणीत तापल्या तव्यावर झटपट परतून, त्यांचा रस कडक कवचाच्या पावात जिरू द्यावयाचा आणि वर सॅलडची चार पाने ठेवून तो पाव हातातच द्यावयाचा. मोझांबिक आणि गोवा ही दोन्ही स्थळे शतकानुशतके एकाच पोर्तुगीज अमलाखाली होती हे ध्यानात घेतले म्हणजे लसूण, मिरची आणि आंबट रसाचे हे त्रिकूट गोवेकर वाचकाला परके का वाटणार नाही, याचा उलगडा होतो. सॅम व समँथा क्लार्क हे दांपत्य या स्वयंपाकघरात काम करून गेले आणि त्यांनी १९९७ साली जवळच एक्झमथ मार्केटमध्ये ‘मोरो’ हे विख्यात उपाहारगृह काढले. २००३ साली वॉटर्लूनजीक ‘अँकर अँड होप’ हा गॅस्ट्रोपब सुरू झाला, आणि त्यानेही आगाऊ जागा राखून न ठेवण्याची आणि एका भल्या मोठ्या भाजलेल्या मांसखंडाभोवती चार-पाच जणांनी मिळून जेवण्याची जुनी रीत पुढे चालविली.

आता बिअरकडे वळले पाहिजे, कारण तिचे शास्त्र कळल्यावाचून या घराची घडण कळत नाही. सातूला मोड आणून ते भट्टीत वाळवितात आणि भरडून सुमारे पासष्ट अंश तपमानाच्या पाण्यात भिजवितात; त्या उष्णतेत धान्यातीलच विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. हा गोड रस निथळून घेऊन त्यात हॉप या वेलीची फुले घालून तासभर उकळितात, त्यामुळे फुलांतील आम्ले रूपांतर पावून कडूपणा उतरतो आणि रसाची टिकण्याची शक्तीही वाढते. मग तो निववून त्यात यीस्ट सोडले की किण्वनाला आरंभ होतो. येथपर्यंतची क्रिया जगात सर्वत्र बहुधा सारखीच आहे. परंतु कारखान्यातील बिअर यापुढे गाळली जाते, तापवून निर्जंतुक केली जाते आणि बाहेरून वायू भरून बंद पिंपांत रवाना होते, तर इंग्रजी परंपरेतील पिंपातली बिअर न गाळता, न तापविता, जिवंत यीस्टसह पिंपात भरली जाते, आणि तिचे दुसरे, मंद किण्वन पबाच्या तळघरात पुरे होते.

म्हणजे ब्रुअरीने निम्मे काम केलेले असते आणि उरलेले निम्मे पबवाल्याने करावयाचे असते. पिंप आले की ते आडवे ठेवून हलू न देता विसावू द्यावे लागते. माशाच्या वाताशयापासून केलेले एक द्रव्य त्यात असते, ते यीस्टला ओढून घेऊन तळाशी बसते आणि वरचा रस स्फटिकासारखा नितळ होतो. पिंपाच्या माथ्यावरील छिद्रात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जादा वायू हळूहळू निसटतो. फेस येणे मंदावले की त्या जागी कठीण लाकडाची खुंटी बसवून उरलेला वायू आत कोंडतात. तळघराचे तपमान अकरा ते तेरा अंशांच्या दरम्यान राखावे लागते, त्याहून थंड झाली तर चव मुकी होते आणि उष्ण झाली तर बिअर लवकर बिघडते. इंग्रज लोक कोमट बिअर पितात असा जो प्रवाद आहे तो या तळघराच्या गारव्याचे अज्ञान दाखवितो. शेवटी हातपंपाच्या लांब दांड्याने ती वर ओढून ५६८ मिलिलिटरच्या पेल्यात भरली जाते. हे सारे करूनही एकदा पिंपाला तोटी बसली की ओढलेल्या प्रत्येक पेल्यामागे आत हवा शिरते, आणि साधारण तीन दिवसांत ती बिअर संपली नाही तर तिची चव उतरते.

सत्तरीच्या सुमारास ही सारी विद्या नामशेष होण्याच्या मार्गावर होती, कारण बड्या ब्रुअरींना तळघरातील कसबी मनुष्यापेक्षा वायूची नळी स्वस्त पडत होती. १९७१ साली चार मित्रांनी आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील डनक्विन गावी सुटीवर असताना ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ स्थापिली, आणि मद्यपानाच्या हौसेतून जन्मलेल्या या संघटनेने एका लोकविद्येचे रक्षण केले हे निःसंशय मानले पाहिजे. त्यानंतरचे मोठे साहाय्य महसूल खात्याकडून आले: २००२ साली अबकारी कराची अशी नवी श्रेणी लागू झाली की वर्षाला पाच हजार हेक्टोलिटरपर्यंत बिअर काढणाऱ्या लहान ब्रुअरीला निम्माच कर भरावा लागे. रेल्वेच्या कमानींखालील गाळ्यांत, जुन्या गोदामांत, शेताच्या कोठारांत लहान लहान ब्रुअरी निघाल्या. लंडनच्या बर्मंडझी भागात २००९ साली सुरू झालेली ‘कर्नल’ ही त्यांतील एक मान्यवर. अमेरिकेत ‘सिएरा नेव्हाडा’ने १९८० पासून कॅस्केड जातीच्या हॉपला प्रतिष्ठा मिळवून दिली होती; पपनसाच्या सालीची आठवण करून देणारा तो तीव्र गंध या नव्या इंग्रज कारागिरांनी उचलला, आणि जुन्या तपकिरी ‘बिटर’शेजारी नव्या सोनेरी, सुगंधी बिअरचा पंप उभा राहिला.

या सोनेरी कुळीच्या पूर्वजाचा मुंबईशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेस बो येथील हॉजसन यांच्या ब्रुअरीची फिकट आणि हॉपने कडू केलेली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकारी उधारीवर घेऊन मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे विकीत. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या ब्रुअरींनी, आपल्या विहिरींतील जिप्समयुक्त पाण्याच्या बळावर, तो व्यापार काबीज केला. ‘इंडिया पेल एल’ या नावाने जी बिअर आज गॅस्ट्रोपबाच्या पाटीवर हटकून आढळते तिचे हे मूळ. अर्थात त्याच जहाजांतून काळी ‘पोर्टर’ही फौजेतील गोऱ्या शिपायांसाठी मोठ्या प्रमाणात येत होती; साहेबांची बिअर इतिहासात राहिली, शिपायांची विस्मरणात गेली.

अन्न आणि बिअर यांची सांगड घालताना गॅस्ट्रोपबाने द्राक्षासवाच्या शिष्टाचाराचे अनुकरण केले नाही हे फार योग्य झाले, कारण बिअरमध्ये दोन गुण असे आहेत की ते द्राक्षासवात नाहीत. मोड आलेले सातू भट्टीत भाजताना जी रासायनिक क्रिया घडते तीच मांसाच्या खरपूस कवचात आणि पावाच्या पापुद्र्यात घडते, म्हणून रविवारच्या भाजलेल्या गोमांसाबरोबर तांबूस बिटर घेतली की दोन्हींचा सूर एकच लागतो. आणि हॉपचा कडूपणा तळलेल्या माशाच्या अथवा डुकराच्या मांसाच्या स्निग्धतेला छेद देऊन जीभ पुढच्या घासासाठी मोकळी करतो. कालव्यांसोबत काळी स्टाउट घेण्याची लंडनची जुनी रीतही अशीच अनुभवसिद्ध आहे. खारट आणि करपट यांच्या संयोगात एक प्रकारचे गोडपण उत्पन्न होते.

परंतु अन्न आणि बिअर यांचे खरे नाते मला याहून निराळे वाटते, आणि हा सारा प्रपंच त्यासाठीच केला. नऊ गॅलनच्या लहान पिंपात बहात्तर पेले मावतात. ते तीन दिवसांत संपवावयाचे तर रोज चोवीस पेले खपले पाहिजेत, आणि चार पंप असतील तर जवळजवळ शंभर. पाटीवर रोज नवा पदार्थ लिहिणाऱ्या स्वयंपाक्याचीही हीच स्थिती आहे. सकाळी आणलेला मासा रात्रीपर्यंत संपलाच पाहिजे, कारण उद्यासाठी त्याने काही गोठवून ठेवलेले नसते. जिवंत बिअर आणि ताजे अन्न या दोन्ही गोष्टी साठवणुकीला शत्रुवत मानतात, आणि ज्याला साठवता येत नाही त्याला मंगळवारीही येणारे, पावसातही येणारे, अर्धा पेला पिऊन जाणारे शेजारी लागतात. शनिवारी दुरून गाडीने येणाऱ्या खवय्यांवर उपाहारगृह चालेल, पिंप चालणार नाही. म्हणून आसपासची वस्ती ही गॅस्ट्रोपबाची शोभा नव्हे, ती त्याच्या तळघराची गरज आहे. आणि चांगली बिअर जेथे मिळते तेथे बहुधा चांगली आळीही असते, हा अनुभव या हिशेबातून आपोआप निघतो.

या कसोटीवर पाहता या शतकातील कीर्तीने या प्रकाराचे हित आणि अहित दोन्ही केले आहे. २००१ साली हेरफर्डशायरमधील टिटली गावच्या ‘स्टॅग इन’ला मिशलॅन या भोजनगृहांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला, आणि असा मान मिळविणारा तो पहिला पब ठरला; २०१२ च्या मार्गदर्शिकेत मार्लो येथील टॉम केरिज यांच्या ‘हँड अँड फ्लॉवर्स’ला दोन तारे मिळाले. १ जुलै २००७ पासून इंग्लंडात बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानास मनाई झाली, आणि धुराने कोंदलेल्या खोलीत जेवावयास न येणारी कुटुंबे पबाची पायरी चढू लागली, हेही स्वागतार्हच. पण यशाबरोबर टेबले मांडून ठेवण्याची, प्रत्येक टेबलावर ‘राखीव’ची चिठ्ठी लावण्याची आणि केवळ पेला मागणाऱ्याला दाराजवळच्या दोन उंच बाकड्यांकडे बोट दाखविण्याची प्रथा आली. असे घर उत्तम उपाहारगृह असू शकेल. त्याला पब म्हणणे मला मान्य नाही. कंपन्यांनी मध्यवर्ती कारखान्यात शिजवून गोठविलेले मांस शंभर शाखांतून ‘पाटीवरचा आजचा पदार्थ’ म्हणून विकावयास आरंभ केला तो तर उघड अपलाप होय.

महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही लहान ब्रुअरी सुरू झाली, आणि विकावयाच्या जागीच बिअर तयार करण्याचा उद्योग आपल्याकडे रुजला. गव्हाची, किंचित गढूळ, थंड दिली जाणारी जर्मन वळणाची बिअर तेथे लोकप्रिय झाली. तिची परंपरा निराळी, परंतु ताज्या मालाचा नियम तोच. ज्यांना अशी घरे काढावयाची असतील त्यांनी भांड्यांची चकाकी आणि भिंतींवरील विटांचा देखावा यांचे अनुकरण करण्यापूर्वी पाटी, मोकळे काउंटर आणि एकट्याने येऊन स्वस्थ बसणाऱ्या गिऱ्हाइकाचा हक्क या तीन गोष्टी उचलाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लंडनला मुलाबाळांकडे जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मंडळींना असा पब पाहावयाचा असेल, तर त्यांनी रविवारची गर्दी टाळून एखाद्या साध्या वारी दुपारी बाराच्या सुमारास जावे. टेबलाशी कोणी विचारावयास येईल म्हणून वाट पाहत बसू नये. काउंटरवर जाऊन आज कोणते पिंप उघडले आहे ते विचारावे आणि पाटी वाचून जेवण सांगावे. मद्य वर्ज्य असणाऱ्याने आल्याचे सरबत मागितले तरी त्याचे स्थान तेथे उणे होत नाही. बिअर घेणाऱ्याने निवड करण्यापूर्वी घोटभर चव मागावी. ती लहानशा पेल्यातून बहुधा विनामूल्य मिळते, आणि पसंत न पडल्यास दुसरीची चव मागण्यात कोणताही संकोच मानण्याचे कारण नाही.